न जाणवणाऱ्या गोळ्या

चुडाव्यात माझं मेडिकल आहे. नांदेडला डी.फार्म. केलं, तिथल्याच एका दुकानात काही वर्षं नोकरी केली आणि मग गावाकडे येऊन स्वतःचं शटर उघडलं. एका अंगाला पूर्णा, दुसऱ्या अंगाला लिंबगाव ओलांडलं की नांदेड, म्हणजे वीसेक किलोमीटर. मोठं दुखणं निघालं की माणूस नांदेड गाठतो, दाखवून येतो आणि चिठ्ठी माझ्या काउंटरवर ठेवतो. हृदयाची चिठ्ठी दुरूनही ओळखू येते. पाच-सहा नावांची लांबलचक यादी असते आणि तळाशी बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘विचारल्याशिवाय बंद करू नये’. त्या चिठ्ठीत सगळ्यात कमी वाचली जाणारी ओळ तीच. माझं निम्मं काम तिच्यापायी आहे.

ज्याच्या हृदयाला रक्त कमी पडतं त्याच्या चिठ्ठीत दोन तऱ्हेच्या गोळ्या असतात. एक गोळी घेतली की फरक लगेच कळतो. बाकीच्या घेतल्या काय, न घेतल्या काय, अंगाला काहीच समजत नाही. लोकांचा सगळा भरवसा त्या पहिलीवर असतो. जीव वाचवण्याचं काम मात्र बहुतेक करून दुसऱ्या करतात. हे समजावून सांगणं गोळ्या विकण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

पहिली म्हणजे जिभेखालची गोळी. औषधाचं नाव आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, पण सगळे ‘सॉर्बिट्रेट’ म्हणूनच मागतात. थंडीत पहाटे गव्हाला पाणी द्यायला गेलेला माणूस, पोतं उचलणारा माणूस, छाती आवळून आली म्हणून खाली बसतो, गोळी जिभेखाली ठेवतो आणि दोन-चार मिनिटांत आवळण सुटते. जिभेखालून औषध थेट रक्तात उतरतं. त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, शिरा सैल पडतात, हृदयाकडे परत येणाऱ्या रक्ताचा भार उतरतो, खुद्द हृदयाच्या रक्तवाहिन्याही थोड्या रुंदावतात. लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरांनी छातीच्या कळेवर याच जातीचं नायट्रोग्लिसरीन वापरल्याचं १८७९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ते काम करतं हे तेव्हापासून माहीत होतं, पण कसं करतं हे कळायला पुढची शंभर वर्षं गेली. नायट्रिक ऑक्साइडचा हा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळालं. ज्या आल्फ्रेड नोबेलच्या नावाचं हे पारितोषिक, त्याची बरीचशी कमाई नायट्रोग्लिसरीनपासून केलेल्या डायनामाइटची, आणि शेवटच्या दिवसांत त्याच्या डॉक्टरांनी त्याला छातीसाठी तेच नायट्रोग्लिसरीन घ्यायला सांगितलं होतं.

याच जातीची लांब पल्ल्याची गोळी रोज दोन वेळाही देतात. शेतात हळद लावणारे एक काका एकदा चिठ्ठी पुढे धरून म्हणाले, “सकाळी आठला एक अन् दुपारी तीनला एक लिव्हलंय. रातच्याला का नाई? चुकलं का डॉक्टरचं?” चुकलं नव्हतं. डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं, कारण दिवसभर नायट्रोग्लिसरीन श्वासातून आणि कातडीतून अंगात जायचं. मंगळवार-बुधवारपर्यंत शरीर सरावायचं, डोकं थांबायचं. रविवारी सुट्टी, सराव मोडायचा, सोमवारी पुन्हा ठणका. औषधाचंही तसंच आहे. चोवीस तास अंगात राहिलं तर शरीर त्याला सरावतं आणि गुण येईनासा होतो. म्हणून रात्रीचे काही तास मुद्दाम मोकळे ठेवतात. काकांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. तेव्हापासून तीनची गोळी त्यांनी कधी रात्रीवर ढकलली नाही. कारण समजलं की माणूस पाळतो, हा माझा अनुभव आहे. नुसतं ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटलं तर आठवडाभर पाळतो.

ही गोळी देताना मी प्रत्येकाला तीन गोष्टी सांगतो. गोळी बसून घ्यायची, उभ्याने नाही, कारण बीपी उतरून घेरी येते. डोकं जड झालं तर घाबरायचं नाही. आणि गोळी ठेवून पाच मिनिटं झाली तरी कळ थांबली नाही, तर ती नेहमीची कळ समजायची नाही, १०८ ला फोन लावायचा. चौथी गोष्ट पुरुषांना, दुकानात गर्दी नसताना विचारतो: ताकदीची म्हणून सिल्डेनाफिलची गोळी घेता का? ती आणि ही एकत्र आली तर बीपी इतकं कोसळू शकतं की जीव जाईल. हे विचारताना मला संकोच वाटत नाही. ऐकणाऱ्याला वाटतो, पण उत्तर मिळतं.

इतकी गुणाची गोळी, पण तिने आयुष्य वाढतं का? १९९५ साली ‘आयसिस-४’ नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. हार्ट अटॅक आलेले ५८ हजारांवर रुग्ण त्यात होते. या जातीचं औषध, म्हणजे नायट्रेट, घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या मृत्यूंत मोजण्याजोगा फरक दिसला नाही. कळ थांबवणं हेही मोठं काम आहे, त्याला मी कमी लेखत नाही. ज्याला दहा पावलं चालवत नाही त्याला ते चालवतं. पण ही गोळी खिशात आहे म्हणजे आपण सुरक्षित, आणि बाकीच्या नसल्या तरी चालतील, असं जे लोक धरून चालतात त्यांची मला काळजी वाटते.

कारण अटॅक येतो तो नळी हळूहळू बुजत जाऊन शेवटी बंद झाली म्हणून, असं सगळ्यांना वाटतं, आणि पुष्कळदा तसं नसतं. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली चरबीचा थर साठतो, त्यावर पातळसं आवरण असतं. एके दिवशी ते आवरण फाटतं. शरीराला वाटतं जखम झाली. रक्तातल्या प्लेटलेट धावून येतात, एकमेकींना चिकटतात, आणि बोट कापल्यावर जी गुठळी आपल्याला वाचवते तीच तिथे नळी बंद करून टाकते. आदल्या दिवशी निम्मीच अडलेली नस अर्ध्या तासात पूर्ण बंद होते. म्हणून आदल्या दिवशी ‘काही त्रास नव्हता’ हे खरंच असतं.

अ‍ॅस्पिरिन इथे काम करते. प्लेटलेटमधलं एक एन्झाइम ती कायमचं निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवीन एन्झाइम तयार करायची तिची सोय नाही, त्यामुळे ती प्लेटलेट जगेल तितके आठ-दहा दिवस कमी चिकट राहते. रोज नव्या प्लेटलेट तयार होतात, म्हणून गोळीही रोज. ७५ मिलिग्रॅमची एवढीशी गोळी, दिवसाचा खर्च चहाच्या कपापेक्षा कमी. लोक तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. रक्त पातळ होत नाही, चिकटण्याची घाई कमी होते, इतकंच.

१९८८ सालचा ‘आयसिस-२’ हा अभ्यास मला सगळ्यात आवडतो. अटॅक आलेले १७,१८७ रुग्ण. काहींना अ‍ॅस्पिरिन, काहींना गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, काहींना दोन्ही, काहींना दोन्हीपैकी काही नाही. पाच आठवड्यांत नुसत्या अ‍ॅस्पिरिनने मृत्यू जवळपास पावपट कमी झाले, दोन्हींनी चाळीस टक्क्यांहून जास्त. लॅन्सेटवाल्यांनी संशोधकांना विचारलं, कोणत्या गटाला जास्त गुण आला, कोणाला कमी, ते वेगळं दाखवा. अशी बारीक चिरफाड फसवी असते हे दाखवायला त्यांनी राशींप्रमाणे आकडे लावले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोगच नाही, असं त्यात निघालं! माझ्याकडे येणारे अनेकजण पंचांग पाहून पेरणी करतात, लग्न ठरवतात. त्यांना मी हे सांगतो आणि पुढे सांगतो की गोळी सगळ्या राशींना लागू आहे, ज्याला डॉक्टरांनी लिहिली त्या प्रत्येकाला.

एका लग्नसराईतली दुपार मला लख्ख आठवते. पन्नाशीच्या आतबाहेरचे एक भाऊ आले. “गॅसचं कायतरी द्या हो. सकाळपासून गच्च झालंय इथं,” म्हणत मूठ छातीच्या मधोमध दाबत होते. वर पंखा चालू, आणि यांच्या कोपरावरून घाम काउंटरच्या काचेवर टपकत होता. जबडाही दुखत होता. त्यांना वाटलं दाढ. गॅसचं औषध मागायला दिवसाकाठी कितीतरी लोक येतात आणि बहुतेकांना खरोखर पित्तच असतं. पण असा थंड घाम पित्ताचा नसतो. मी त्यांना स्टुलावर टेकवलं, १०८ ला फोन लावला, दुसऱ्या फोनवरून गावातल्या डॉक्टरांना. डॉक्टरांनी माझ्याकडून विचारून घेतलं: पोटात अल्सर? काळी शी, रक्ताची उलटी? अ‍ॅस्पिरिनने कधी दम लागला होता? नाही म्हटल्यावर सांगितलं, तीनशे मिलिग्रॅम द्या, चावून खाऊ द्या. आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून वरून आवरण दिलेली गोळी तशीच गिळली तर पोहोचायला वेळ लागतो. चावली की पटकन रक्तात जाते. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी देऊ दिली नाही, बीपी किती आहे ते माहीत नव्हतं. मुलगा मोटरसायकल घेऊन आला होता, “मी नेतो मागं बसवून,” म्हणायला लागला. मी नेऊ दिलं नाही. वाटेत हृदय थांबलं तर मोटरसायकलवर काय करणार?

नांदेडला ईसीजी निघाला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं, पुढे अँजिओप्लास्टी झाली. ते आज शेतात जातात. बारा तासांच्या आत हे इंजेक्शन देता येतं, पण खरी किंमत पहिल्या दोन-तीन तासांची. हृदयाचा स्नायू तोपर्यंत मरत असतो आणि मेलेला परत येत नाही. बायकांच्या बाबतीत तर हे दोन-तीन तास हमखास घरातच जातात. त्यांना छातीत कळ येईलच असं नाही. दम लागतो, मळमळतं, पाठ भरून येते, गळून जातं. “पित्त वाढलंय” म्हणून सोडा पाजला जातो.

चिठ्ठीतली तिसरी गोळी मेटोप्रोलॉलची. तिचं शास्त्र आमच्या शेतकऱ्याला डॉक्टरांपेक्षा लवकर समजेल. विहिरीला पाणी कमी असेल तर आपण विहीर खोल करायला धावतो. ते जमेपर्यंत मोटर कमी वेळ चालवली तरी विहीर टिकते. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅकने हाच विचार केला. त्याच्या वडिलांना मोटर अपघातानंतरच्या ताणात हार्ट अटॅक आला आणि ते गेले. तोवर सगळे हृदयाला रक्त जास्त कसं मिळेल याच्या मागे होते. ब्लॅकने उलटं विचारलं: हृदयाची गरजच कमी केली तर? अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा मारा अडवणारं प्रोप्रॅनोलॉल त्याने साठच्या दशकात दिलं, १९८८ साली त्याला नोबेल मिळालं. ही गोळी नाडी आटोक्यात ठेवते. अटॅकनंतर किती वर्षं द्यायची यावर अलीकडे डॉक्टरांमध्ये नव्याने चर्चा चालू आहे आणि काहींची ती बंदही होते. पण ती डॉक्टरांनी, हळूहळू उतरवत बंद करायची असते. एकदम सोडली तर अडवून धरलेला सगळा मारा एका वेळी हृदयावर येतो आणि कळ पहिल्यापेक्षा वाईट परतते.

आता स्टॅटिन. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन. सगळ्यात जास्त सोडली जाणारी गोळी हीच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचीही हीच. ती यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याचा मार्ग अडवते, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, आणि तो जो फाटणारा थर सांगितला त्याचं आवरण घट्ट होत जातं. जपानच्या अकिरा एंडो यांनी हे शोधलं. शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणापासून बुरशीचं वेड. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांच्या आसपास बुरश्या तपासल्या आणि क्योतोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत, १९७३ साली, हवं ते सापडलं. धान्याला बुरशी लागली की आपण ते उकिरड्यावर फेकतो. या माणसाने त्यातून कोट्यवधींचं आयुष्य वाढवणारं औषध काढलं. एंडो २०२४ साली, नव्वदीत वारले. ती बातमी आली त्या दिवशी मी दुकानात आलेल्या दोघा-तिघांना त्यांच्याबद्दल सांगितलं. या औषधाचा पक्का पुरावा १९९४ साली स्कँडिनेव्हियातून आला: हृदयाचे ४,४४४ रुग्ण, पाच वर्षांहून जास्त काळ, आणि स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू तीस टक्क्यांनी कमी.

पण मोबाईलवर कुणीतरी पाठवतं की कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हर खाते, आणि तीस टक्के एका मेसेजमध्ये वाहून जातात. स्नायू दुखणं काहींना खरंच होतं. तेव्हा डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. चिठ्ठीतल्या बीपी उतरवणाऱ्या रामिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो, त्यालाही पर्याय आहे. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, मीही फोन लावून देतो. पण गुपचूप सोडू नका, इतकंच माझं मागणं असतं.

गुपचूप सोडण्याचं वेळापत्रक माझ्या वहीत दिसतं. जून आला, बी-खताला पैसा गेला, की महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या होतात, मग पट्टीवर येतात. सोयाबीन विकलं गेलं की काहीजण दिवाळीच्या सुमारास परत येतात. मधले तीन-चार महिने हृदय गोळीविना असतं आणि माणसाला काहीच जाणवत नाही, तीच तर अडचण. “आता बरं वाटायलंय, कशाला घ्यायच्या?” हे वाक्य मी सगळ्यांत जास्त ऐकतो. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळे, हे अंग सांगत नाही, म्हणून मला सांगावं लागतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून गरीब माणसाची अँजिओप्लास्टी होते. स्टेंटच्या किमतीवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातली आणि लाखाच्या घरातला स्टेंट तीस हजारांच्या आसपास आला. ही फार मोठी गोष्ट झाली. पण ‘स्प्रिंग टाकली, नस मोकळी झाली, संपलं’ हा समजही तिच्याबरोबर गावात आला. स्प्रिंग म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर शरीराचं अस्तर चढेपर्यंत ती रक्ताला परकी असते, गुठळीला निमंत्रण असतं. म्हणून अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर बहुधा सहा महिने ते वर्षभर देतात, पुढे त्यातली एक कायम. पहिल्या काही महिन्यांत दोन्ही सोडणारा माणूस नव्या स्प्रिंगमध्येच अटॅक ओढवून घेतो. २०११ साली १७ देशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी, भारतासारख्या, तेव्हा कमी उत्पन्नाच्या धरलेल्या देशांत, ८० टक्के लोक यातलं एकही औषध घेत नव्हते. माझ्या गावातली वही मला त्यामुळे एकट्या गावाची वाटत नाही.

जेनेरिक गोळ्यांनी महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली येतो. मी त्या ठेवतो, माझा नफा कमी होतो, पण वहीतली नावं टिकतात. पैशाचं असं काही ना काही निघतं. निघत नाही ते घरातल्या बायकांचं. नवऱ्याच्या गोळ्या संपायच्या आधी दारात उभी राहणारी मावशी स्वतःच्या गोळ्या अर्ध्या करून पुरवते. “माझं काय मेलं, मला कुठं दुखायलंय?” अशा घरांत मी सुनेशी बोलतो, लेकीचा नंबर घेतो. दोघांच्या पट्ट्या एकाच पिशवीत देतो आणि वर दोघांची नावं मोठ्या अक्षरात लिहितो.

उलटी तऱ्हाही आहे. अटॅकच्या वेळी घ्यायच्या तीन गोळ्यांच्या पुडीचा मेसेज फिरला तेव्हा धडधाकट पोरं ‘रोज एक अ‍ॅस्पिरिन’ मागायला आली. २०१८ साली आलेल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की ज्यांना हृदयाचं दुखणं नाही त्यांना रोजच्या अ‍ॅस्पिरिनचा फायदा फारसा नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. त्या पोरांना मी बीपी मोजून घ्यायला, साखर तपासायला आणि खिशातली तंबाखूची पुडी बाहेर टाकायला सांगतो. आपल्याकडे पहिला अटॅक इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, म्हणून हे बोलणं तिशीतल्या पोरांशीच करायचं.

अलीकडे मी आणखी एक काम सुरू केलंय. दाढ काढायला, मोतीबिंदूला, कुठल्याही बारक्या ऑपरेशनला निघालेला माणूस ‘रक्त वाहील’ म्हणून गोळ्या आपणच चार दिवस आधी थांबवतो. दाढ काढण्यासाठी बहुतेकदा अ‍ॅस्पिरिन थांबवावी लागतही नाही. अशा प्रत्येकाला मी एक कागद देतो: स्टेंट कोणत्या महिन्यात बसला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर काय. दाताच्या डॉक्टरांनी तो वाचायचा आणि गोळी थांबवायची असेल तर त्या नंबरवर विचारायचं. परवा एक भाऊ तो कागद परत घेऊन आले. मागे दाताच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, बोललो, गोळ्या चालू ठेवा. भाऊंनी त्याची झेरॉक्स काढून बायकोच्या चिठ्ठीलाही तसाच कागद जोडून मागितला, कारण तिच्या मोतीबिंदूची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.